टोमॅटोची फुलं का गळतात?

प्रश्न : आम्ही शनिवार पेठेत राहतो. गच्चीवर सलग दोन उन्हाळे टोमॅटो लावले. झाडं वाढली, फुलं आली, पण सगळी गळली. खत कमी पडलं का?

उत्तर : खताला दोष देऊ नका, लागवडीची वेळ चुकली. दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फूल देठातूनच गळतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा त्याहून वर जातो, त्यात पेठेतल्या गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला. अशा वेळी जास्त खत घातलंत तर नुसता पाला माजेल.

यंदा ऑगस्टअखेर रोप टाका, सप्टेंबरात कुंडीत लावा. फुलं थंडीत येतील. सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, म्हणजे पराग झडून फळ धरतं. उन्हाळ्यात त्या जागी भेंडी, गवार किंवा चवळी घ्या. त्यांना ऊन मानवतं.

मात्र जुन्या कुंडीतल्या मातीत पुन्हा टोमॅटो नको, वांगी-मिरचीही नकोत. ही एकाच कुळातली, मातीतले रोगही बरेचसे सारखेच. तिथे आधी मेथी पेरा. आणि लावणीची, पहिल्या फुलाची, पहिल्या किडीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. पुढच्या वर्षी माझ्या उत्तरापेक्षा ती नोंद जास्त उपयोगी पडेल.