सही झाली, पण खोली मिळेना

साताऱ्यात वा सांगलीत खोली ठरते, अनामत दिली जाते, सह्या होतात. मग आडनाव कळते आणि घरमालक फिरतो. तेव्हा मुकाट्याने परतू नये. करार भाडेपट्ट्याचा असेल, तर ताबा देणे हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. आपल्याकडे बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ होते. त्यात खोलीवर हक्क निर्माण होत नाही. अनामत व नुकसानभरपाई मात्र मागता येते. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. (‘खर्च कोण करणार?’ ही सबब ऐकू नये.) पावती जपावी, वकिलामार्फत नोटीस द्यावी. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.