लोणावळ्यांतील एक प्रार्थना

बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळें आपण थंड हवेचें ठिकाण म्हणून ओळखतों. परंतु तेथील एका प्रार्थनेची आठवणही आपण जतन केली पाहिजे.

पंडिता रमाबाईंचे आईबाप १८७४ च्या सुमारास दुष्काळांतील उपासमारीनें गेले. १८८० सालीं भाऊ व १८८२ सालीं पती निवर्तले. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; तरी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढें कित्येक वर्षांनीं गवसला, असें त्यांनीं स्वतःच कबूल केलें आहे.

१८९५ च्या एप्रिलांत त्या लोणावळ्याच्या उपासना-मेळाव्यास आल्या. तेव्हां त्यांच्या १५ मुलींनीं ख्रिस्तावर विश्वास ठेविला होता. एके पहाटें रानांत त्यांनीं मागणें केलें, कीं या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे २२५! इतक्या मुली पोसण्यास पैसा नव्हता. पुढल्याच वर्षीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. आपली जुनी भूक आठवून रमाबाई तिकडे धांवल्या व शेंकडों निराधार मुली घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच उभें राहिलें.

यांतून आम्हीं हा धडा घेतों, कीं देव भक्ताचें दुःख टाळतोच असें नाहीं. परंतु ज्यानें भूक सोसली, त्यास भुकेल्याची हांक लवकर ऐकूं येते.