थाळी पडली, तेथूनच पुढे

शास्त्रवाचन : लूक १५:११-२४, फिलिप्पै ३:१२-१४



काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याचे दोन महिने मी अमेरिकेतील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून होतो. रविवारी दुपारी तेथील काही भाविक मला ‘डिस्क गोल्फ’ खेळायला नेत. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून आधी थोडी ओळख करून देतो.

आपली मुले समुद्रकिनारी प्लास्टिकची थाळी एकमेकांकडे फेकतात, ती फ्रिस्बी. डिस्क गोल्फची थाळी तिच्यापेक्षा लहान असते. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालतात. येथे थाळी खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. त्यांवर आदळून थाळी खाली पडते. कमीत कमी फेकींत सगळ्या, बहुधा अठरा, टोपल्या पूर्ण करील तो जिंकला. एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. सुरुवातीला झाड किंवा खांब हेच लक्ष्य असे आणि ‘लागली’, ‘नाही लागली’ यावरून वाद होत. साखळ्यांच्या टोपलीने तो वाद मिटवला. पुष्कळ मैदाने सार्वजनिक बागांत असून तेथे पैसे पडत नाहीत. त्यामुळे आजोबा आणि नातू एकत्र खेळताना दिसतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी योग्य मर्यादेतील खेळालाही सद्गुणाच्या विचारात स्थान दिले आहे. मला या खेळाने तीन धडे दिले.

१. आपला कल ओळखा

उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली थाळी सुरुवातीला सरळ जाते. पण वेग ओसरला की डावीकडे वळते. मी पहिले काही दिवस थाळीला दोष देत होतो. जाणता खेळाडू मात्र तो कल धरूनच थोडे उजवीकडे नेम धरतो. आपलेही असेच आहे. दिवसाच्या सुरुवातीला आपण सगळेच सरळ असतो. थकलो, आजारी पडलो, कोणी मान दिला नाही, की खरा कल दिसतो : कोणाचा रागाकडे, कोणाचा बाटलीकडे, कोणाचा कुरकुरीकडे. रात्रीचे आत्मपरीक्षण म्हणजे हा कल शोधणे. तो कळला तर उद्याचा नेम बदलता येतो.

२. हिशेब खरा ठेवा

या खेळात सहसा पंच सोबत फिरत नाही. खेळाडूच फेकी मोजतात. एके दिवशी माझी थाळी झुडपात शिरली. कोणी पाहत नव्हते. एक फेक तेथेच वाया गेली. टोपली पूर्ण झाल्यावर गुण लिहिणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने विचारले, “फादर, किती?” मी म्हणालो, “चार.” खरे तर पाच झाल्या होत्या. त्याने वर न बघता चार लिहिले. फादर सांगतात म्हणजे खरेच असणार!

पुढच्या तीन टोपल्यांवर माझे लक्ष लागेना. एका फेकीची किंमत ती काय? पण त्या मुलाच्या विश्वासाची किंमत मोठी होती. शेवटी मी त्याला बाजूला घेऊन खरे सांगितले. त्याने शांतपणे खोडून पाच लिहिले आणि म्हणाला, “मग फादर, आज तुम्ही शेवटचे!” आम्ही दोघेही हसलो. पुढच्या शनिवारी पापनिवेदन ऐकायला बसलो, तेव्हा जाळीपलीकडे बसणाऱ्या माणसाला तोंड उघडायला किती बळ लागते, हे मला नव्याने कळले होते.

३. पडली तेथूनच फेका

खेळाचा मुख्य नियम असा : थाळी जेथे पडली, पुढची फेक तेथूनच. चिखल असो, झाड आडवे असो. ‘ती फेक धरू नका, पुन्हा पहिल्यापासून’ असे म्हणता येत नाही. मैदानाच्या सीमेबाहेर गेली तर एका फेकीचा दंड बसतो. पण खेळ संपत नाही.

आपल्यापैकी किती जण मागच्याच फेकीपाशी थांबले आहेत! ‘वाटणी नीट झाली असती, तर भावाशी बोललो असतो.’ ‘इतकी वर्षे चर्चला आलो नाही, आता कोणत्या तोंडाने येऊ?’ उधळ्या पुत्राकडे पाहा. तो आधी नवे कपडे घ्यायला, पैसे जमवायला गेला नाही. डुकरांच्या कळपात होता, तेथूनच उठला आणि घराकडे निघाला. बाप तो दूर असतानाच धावत आला. संत पौलही मागचे मागे टाकून पुढच्या लक्ष्याकडे धावण्याविषयी लिहितात.

२०२१ च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेतील ऑग्डेन येथे, जेम्स कॉनराड शेवटच्या टोपलीवर एका फेकीने मागे होता. त्याने २४७ फुटांवरून थाळी थेट टोपलीत टाकली, बरोबरी साधली आणि जादा खेळात विजेतेपद मिळवले. अशी फेक आपल्याला रोज साधणार नाही. पण खेळ संपला नाही तोवर कोणी हरलेला नसतो, हे क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराने त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले आहे.

या आठवड्यात चिंतनासाठी :

१. मी थकतो तेव्हा माझा कल कोणीकडे वळतो?
२. माझ्या हिशेबात खोडून पुन्हा लिहावा असा कोणता आकडा आहे? तो कोणाला सांगायला हवा?
३. कोणत्या घरचा उंबरठा मी ‘आता उशीर झाला’ म्हणून ओलांडलेला नाही?

प्रायश्चित्त संस्कारासाठी मी शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या जागी बसलेला असेन. जेथे आहात, तेथून या.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू