तान्हा पोळा भरवू या

(गावात उत्सव होतो तेव्हा आपल्याला तोरणे, मिरवणूक आणि गर्दी दिसते. त्यामागे अनेकांचे कष्ट आणि आखणी असते, ती सहसा दिसत नाही. सार्वजनिक उत्सवाची आखणी कशी करावी, हे या पाठात विदर्भातील तान्ह्या पोळ्याच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

मुलांनो, नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला नरखेड तालुका आहे. हा संत्र्याच्या बागांचा मुलूख. वर्धा नदीच्या एका काठाला हा तालुका, तर पलीकडे अमरावती जिल्हा. उत्तरेकडे गेले की मध्य प्रदेशाची हद्द लागते. विदर्भातील इतर गावांप्रमाणे इथेही पोळा हा शेतकऱ्यांचा मोठा सण आहे.

पोळा श्रावण अमावास्येला येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, कारण वर्षभर त्याच खांद्यांनी जू ओढलेले असते. पोळ्याच्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. त्यांना धुतात, त्यांची शिंगे रंगवतात, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरमाळ घालतात. संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या राहतात. शेतकरी मोठ्याने झडत्या म्हणतात. काही झडत्या हसवतात, तर काही पावसाची आणि पिकांच्या भावाची तक्रार मांडतात. तोरण तुटले की पोळा फुटला असे म्हणतात. मग बैल घरोघरी नेतात. घरचे लोक बैलाला गोडधोड खाऊ घालतात आणि त्याला आणणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवतात. त्या पैशांना बोजारा म्हणतात.

दुसरा दिवस मुलांचा असतो. त्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तान्हा म्हणजे अगदी लहान. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात आणि मोठ्यांसारखीच रांग लावतात. ही प्रथा नागपूरच्या भोसले राजघराण्याने सुरू केली, असे सांगतात.

आता समजा, तुमच्या मोहल्ल्यात तान्हा पोळा भरवायचे ठरले. तुम्ही सुरुवात कोठून कराल?

पहिले काम सभा बोलावण्याचे. सभेला सर्वांना बोलवा. मुली, मुले, शिक्षक, शेजारचे आजोबा, सगळे हवेत. बैलाची काळजी कोणत्याही धर्माचा शेतकरी घेतो. म्हणून या सणात कोणी परका नाही. सभेत काय ठरले ते एका वहीत लिहा. कोण काय करणार आणि कधीपर्यंत करणार, हेही लिहा. 'आपण सगळे मिळून करू' असे नुसते म्हटले, की पुष्कळदा ते काम कोणीच करत नाही. वहीत नाव लिहिले की जबाबदारी येते.

दुसरे काम दिनदर्शिका पाहण्याचे. मराठी महिने आणि हिजरी महिने दोन्ही चंद्रावर चालतात. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत चंद्रकोर दिसते आणि हिजरी महिना सुरू होतो. म्हणजे पोळा नेहमी हिजरी महिन्याच्या अखेरीस येतो. मात्र मराठी पंचांगात साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात, हिजरी गणनेत तो नसतो. त्यामुळे पोळा दरवर्षी पावसाळ्यातच येतो, तर ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणून काही वर्षी दोन सण जवळ येतात. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या होत्या. तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लीम बांधवांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे ढकलली. शासनानेही २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. दोन्ही सण शांततेत पार पडावेत, म्हणून वेळेवर बोलून घेतले होते. आखणी म्हणजे हेच.

तिसरे काम जागा निवडण्याचे. पोळा पावसाळ्यात येतो, हे विसरू नका. नरखेड तालुक्यात वर्धा नदीकाठी मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी नदीला महापूर आला आणि मोवाड उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. गावाचे पुनर्वसन करावे लागले. आजही मोवाडचे लोक ३० जुलैला त्या मृतांना श्रद्धांजली वाहतात. तेव्हा मुलांना जमवायचे ते नदीकाठी किंवा नाल्याजवळ नको. रहदारीचा रस्ताही नको. उंचावरचे मोकळे मैदान किंवा शाळेचे पटांगण बरे. पाऊस आलाच तर जवळ निवारा हवा. जायला आणि यायला दोन वेगळ्या वाटा ठेवा, म्हणजे चेंगराचेंगरी होणार नाही. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलिसांच्या मदतीचा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

चौथे काम परवानगीचे. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. तुमचा उत्सव दिवसाचा असला तरी आवाज बेताचा ठेवा. शेजारी कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करत असेल. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर मोठ्या माणसांना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यायला सांगा.

पाचवे काम पैशांचे. इथेच पुष्कळ चांगले उत्सव बिघडतात. वर्गणी कोणावर लादू नका. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या. समजा, १,५०० रुपये जमले. बक्षिसांना ६००, खाऊला ५००, तोरण व दोरीला १००, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराच्या पेटीला १०० रुपये लागले. मग २०० रुपये शिल्लक राहिले पाहिजेत. ते राहिले की नाही, हे विचारण्याचा हक्क एक रुपया देणाऱ्यालाही आहे.

सहावे काम सर्वांत नाजूक आहे. ते म्हणजे बक्षिसे. एक मुलगा कमरेएवढा उंच, झगमगता बैल विकत घेऊन येतो. दुसरी मुलगी मुठीएवढा मातीचा बैल स्वतः करून आणते. तिचे वडील दुसऱ्याच्या संत्राबागेत मजुरी करतात. दोघांना एका रांगेत उभे करून फक्त सजावट पाहिली, तर निकाल आधीच ठरलेला असतो. ती मुलगी पुढच्या वर्षी येणार नाही. मग तो उत्सव साऱ्या मोहल्ल्याचा कसा राहील? म्हणून नियम आधीच ठरवा आणि जाहीर करा. स्वतः बनवलेल्या बैलाला एक बक्षीस ठेवा. चांगल्या झडतीला एक ठेवा. बैलाची निगा कशी राखावी, हे नीट सांगणाऱ्याला एक ठेवा. खाऊ मात्र सर्वांना सारखाच द्या.

शेवटचे काम उत्सव संपल्यावर असते. तोरण तुटते, मुले घरी जातात आणि मैदानावर कागद, दोऱ्या, पाने उरतात. ती उचला. आठ दिवसांच्या आत पुन्हा सभा घ्या आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचा. काय चुकले तेही वहीत लिहा. ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्या.

मुलांनो, उत्सव एका दिवसाचा असतो, पण एकत्र काम करण्याची सवय वर्षभर उपयोगी पडते. गावात पूर आला, आग लागली किंवा साथ पसरली, तर सभा बोलावणे, कामे वाटणे आणि हिशेब ठेवणे हेच पुन्हा करावे लागते. ते तुम्हाला आधीच येत असेल.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
जू – बैलाच्या खांद्यावर ठेवायचे लाकूड
झूल – बैलाच्या पाठीवर घालायचे नक्षीदार वस्त्र
झडती – पोळ्याच्या वेळी म्हणायचे यमक साधणारे बोल
दगावणे – मृत्यू पावणे
पुनर्वसन – उजाड झालेल्यांना पुन्हा वसवणे
ध्वनिक्षेपक – आवाज मोठा करणारे यंत्र, लाउडस्पीकर

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) पोळा कोणत्या तिथीला येतो?
(२) बोजारा म्हणजे काय?
(३) मोवाडला महापूर केव्हा आला?

प्रश्न २. कारणे लिहा.
(१) पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात.
(२) ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते.
(३) सभेत ठरलेली कामे नावासह वहीत लिहावीत.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) उत्सवाची जागा निवडताना कोणती काळजी घ्यावी?
(२) बक्षिसांचे नियम आधी का जाहीर करावेत? तुमचे मत लिहा.

प्रश्न ४. वाक्यात उपयोग करा.
पार पडणे, पुढे ढकलणे, निगा राखणे

भाषाभ्यास

अर्ज, जमा, खर्च, हिशेब, जाहीर, तारीख, हजर हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. तुम्हाला ते उर्दूमुळे ओळखीचे आहेत. काही शब्दांचा वापर मात्र थोडा बदलला आहे. 'बंदोबस्त' म्हणजे व्यवस्था, पण मराठीत 'पोलीस बंदोबस्त' असा प्रयोग जास्त आढळतो. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

उपक्रम

तुमच्या वर्गाने एखादा कार्यक्रम ठरवावा. त्याची कामे, जबाबदार विद्यार्थी आणि अंदाजे खर्च यांचा तक्ता करून वर्गात लावा.