हाताचा जुगाड, विजेचा जुगाड

पडवीत हत्यारं मांडून बसणाऱ्याला संकेश्वर फार सोयीचं गाव आहे. पुणे-बंगळूर महामार्ग उशाला, हिरण्यकेशी साखर कारखाना शेजारी, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रीघ. जिथं ट्रक आणि ट्रॉल्या, तिथं मोडतोड. जिथं मोडतोड, तिथं भंगार. आणि भंगाराच्या ढिगाकडे बघून ज्याच्या हाताला खाज सुटत नाही, असा माणूस या सीमाभागात विरळाच. कमानीचा तुटका पाटा, जुना जॅक, वॉशिंग मशीनची मोटर, सायकलची चेन, जे मिळेल ते घरी येतं आणि त्याचं काहीतरी होतंच.

या खोडीला घराणंही मोठं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९चा. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान थाटलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर खपेनात. तरी माणूस मागे हटला नाही. १९१०मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८मध्ये चक्क सिनेमाचा कॅमेरा घडवला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा चित्रपट १९२०चा.

या गोष्टी सांगताना एक मुद्दा मात्र हमखास सुटतो. नांगर बैल ओढत आणि कॅमेऱ्याची मूठ माणूस फिरवी. जोडणी चुकली तर यंत्र अडे, फार तर बोट चेमटे. आजच्या पडवीत त्याच उत्साहानं जे फिरवलं जातं ते मिनिटाला अकरा हजार फेरे घेतं. चूक लक्षात यायच्या आधीच ती अंगावर आलेली असते.

गावातल्या एका पडवीत या लेखकासमोर घडलेला प्रसंग असा. चार इंची ग्राइंडर, ज्याला आपल्याकडे सरसकट कटर म्हणतात. जाड अँगल कापायला चकती पुरेना, म्हणून गार्ड काढून त्यावर सात इंची चकती चढवली. मोठ्या चकतीचं भोक २२ मिलिमीटरचं, छोटीचं १६चं. मधली फट भरायला एक बुश ठोकला. पहिला अँगल सुरेख कापला गेला, शाबासकीही मिळाली. दुसऱ्या कापात चकती थोडी तिरकी झाली आणि फुटली. एक तुकडा छताच्या पत्र्यातून आरपार गेला. माणूस वाचला, कारण तो चकतीच्या रेषेत नव्हे, एका बाजूला उभा होता. त्यात त्याचं शहाणपण काही नव्हतं. वायर आखूड होती, इतकंच.

हिशेब शाळकरी आहे. चार इंची चकती ११,००० फेऱ्यांवर फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर धावते, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. चकतीवर ८० मीटर प्रति सेकंद ही मर्यादा छापलेली असते. तिथपर्यंत ठीक. पण त्याच मशीनवर सात इंची चकती बसवली की कडेचा वेग १०४ मीटरच्या आसपास जातो. म्हणूनच तिच्यावर ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापतात. वाचतो कोण?

मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्षही कोरलेलं असतं, तेही वाचावं. चकतीतलं राळेचं बंधन ओलीनं आणि काळानं कमजोर होतं. पावसाळ्यात पडवीच्या कोनाड्यात पडून राहिलेली चकती दिसायला नवी असली तरी तिच्यावर भरवसा नको. लाकूड कापायचं दातेरी पान ग्राइंडरवर चढवणं तर त्याहून वाईट. दात लाकडात अडकला की मशीन उसळून थेट मांडीवर किंवा मानेवर येतं.

जुन्या मोटरीचा सहाणदगड करायचा असेल तर आधी मोटर ओळखा. पाण्याच्या पंपाची अर्ध्या एचपीची इंडक्शन मोटर २,८८० फेऱ्यांच्या आसपास थांबते. तिच्यावर सहा इंची दगड, गार्ड आणि दगडापासून जेमतेम तीन मिलिमीटरवर टेकण, एवढं केलं की काम भागतं. कार्बन ब्रशची मोटर वेगळी. थेट वीज देऊन, ओझ्याशिवाय सोडली तर ती वेग वाढवतच जाते. दगड चढवण्याआधी त्याला लाकडी मुठीनं टिचकी मारावी. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर फेकून द्यावा. ही परीक्षा सहाणेच्या दगडाचीच, कटरच्या चकतीला ती लागू नाही.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरनं लाकडावर विजेची नक्षी काढायचं खूळ मोबाइलवरून आपल्याकडेही आलं आहे. त्यातून दोन हजारांच्या आसपास व्होल्ट बाहेर पडतात. अमेरिकेत या नादानं तीसहून अधिक माणसं गेली आणि तिथल्या लाकूड-खरादकारांच्या संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंद केला. वीज अंगातून झिरपू लागली की पुरवठा तोडणारा घरातला आरसीसीबी इथं कामाला येत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरचा दुसरा वेढा घरच्या वायरिंगपासून तुटलेला असतो. याला सुरक्षित पद्धत नाही. डिझेल, थिनर किंवा फवारणीच्या औषधाचा बॅरलही घरी कापू नये. रिकामा बॅरल भरलेल्यापेक्षा घातक, कारण आत वाफ उरते आणि तिला एक ठिणगी पुरते. पीव्हीसी पाइपात कॉम्प्रेसरची हवा खेळवू नये. पाइप फुटतो तेव्हा काचेसारखे तुकडे उडतात.

मग करायचं काय? पुष्कळ आहे. कमानीच्या पाट्याची पटाशी करा. पाटा लाल करा, लोहचुंबक चिकटायचं थांबलं की आणखी किंचित तापवून तेलात बुडवा. पाण्यात नको, तडा जातो. तेलाचा डबा पत्र्याचा असावा, झाकण हाताशी असावं आणि काम अंगणात करावं. मग घासून चकाकी आणायची आणि मंद आचेवर गवती पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हा तापवायचं. हे केलं नाही तर धार काचेसारखी ठिसूळ राहते. सायकलची चेन आणि लोखंडी दांडा जोडून पाइप फिरवायचा पाना होतो. ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या की फेव्हिकॉल लावलेले वाकडेतिकडे जोड विकतच्या क्लॅम्पपेक्षा चांगले बसतात, हे खुर्ची दुरुस्त करून पाहावं. पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्याची सुरी धारेला फार टिकते. फक्त घासताना पातं फडक्यात न धरता पकडीत धरा.

यातलं काहीही सुरू करण्याआधी पडवीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, ग्राइंडरचं काढून ठेवलेलं गार्ड शोधून परत लावा आणि चष्मा डोळ्यांना बाजूनंही झाकणारा घ्या. कटर चालवताना हातमोजे घट्ट बसणारे हवेत, आणि सैल बाह्या व गळ्यातला टॉवेल आधी काढून खुंटीला लावा.