लाल औषध सुरू होण्याआधी

अगं, काल फोनवर म्हणालीस, "ताई, केस जाणार, त्याची मनाची तयारी झालीय." केसांची मला काळजीच नाही गं, ते परत येतात. मला बोलायचंय ते तुझ्या हृदयाबद्दल.

तुझ्या कागदावर डॉक्सोरुबिसिन आहे, ते लाल औषध. लघवी एखादा दिवस लालसर होईल, ते रक्त नव्हे. मात्र हे औषध हृदयाच्या स्नायूलाही दुखवू शकतं, आणि त्याचा हिशेब आयुष्यभर चालतो. प्रत्येक डोस आधीच्यांत मिळवला जातो. घाबरू नकोस. चार सायकलींचे मिळून साधारण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर होतात, धोका झपाट्याने चढतो तो ४०० च्या पुढे. पण तुला आईसारखाच बीपी आहे ना, म्हणून पहिल्या डोसआधी टू-डी इको झालाच पाहिजे. हृदयाच्या पंपिंगचा आकडा तुझ्या वहीत तुझ्या हाताने लिही. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशीच ताडायचा. दहाने घसरून पन्नासच्या खाली आला, तर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तू हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे नंतर वर्षभर हर्सेप्टिन. तेव्हाही दर तीन महिन्यांनी इको.

माझ्या हर्सेप्टिनच्या चौथ्या महिन्यात जिना चढताना धाप लागायची. सगळे म्हणाले, किमोचा अशक्तपणा, चालायचंच. मीही सोसत राहिले. रात्री दोन उशा लागायला लागल्या, चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला, तेव्हा कुठे तोंड उघडलं. पंपिंग ४५ निघालं! औषध काही आठवडे थांबवलं, हृदयाच्या गोळ्या दिल्या, आणि ते पुन्हा वर आलं. हर्सेप्टिनने आलेला हा थकवा बहुतेक वेळा असा भरून निघतो, वेळेत कळला तर. ते दीड-दोन महिने मी उगाच घालवले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा धाप, पायांवर सूज, चार दिवसांत वाढलेलं वजन, यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी फोन. रात्री असला तरी. बीपीची गोळी चुकवायची नाही, झेपेल तेवढं रोज चालायचं, आणि मावशीचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

मंगळवारी इकोला येताना पुढून बटणांचा कुडता घाल. मी साडेनऊला खाली रिक्षा घेऊन थांबते.