दवाखान्यातली चूक आणि भरपाईचा हिशेब

डॉक्टर हाही माणूसच. माणूस म्हटला की चूक आली. सुतार चुकला तर लाकूड वाया जाते. डॉक्टर चुकला तर जीव जातो. म्हणून अशा चुकीचा जाब विचारण्याचा हक्क कायद्याने रोग्याला दिला आहे. झालेले नुकसान भरून मागण्याचाही हक्क दिला आहे.

पण हा हक्क सगळ्यांना सारखा उपयोगी पडतो का? कमावत्या बाप्याला, घर सांभाळणाऱ्या बाईला, म्हाताऱ्या आजीला आणि लहान पोराला भरपाई सारखीच मिळते का? या धड्यात आम्ही हेच सांगणार आहोत.

1. चूक कशाला म्हणावी?

रोगी दगावला की डॉक्टरावर धावून जायचे, हे बरे नव्हे. पुष्कळ वेळा डॉक्टर शिकस्त करतो, तरी रोगी हाती लागत नाही. ही काही चूक नव्हे. साधारण जाणत्या डॉक्टराने जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी घेतली नाही, तर त्याला हलगर्जीपणा म्हणतात. सुप्रीम कोर्टाने 2005 साली हा फरक नीट समजावून सांगितला आहे.

हलगर्जीपणाचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात 10 जुलै 1963 रोजी एक बाई बाळंत झाली. 13 जुलैला तिचे मूल बंद करण्याचे ऑपरेशन झाले. त्या वेळी पोटात एक फडके राहून गेले! पोट पुन्हा उघडावे लागले. 24 जुलैला बाई वारली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये देवविले. हायकोर्टाने तो निकाल फिरवला. शेवटी 1996 साली सुप्रीम कोर्टाने 36,000 चा निकाल पुन्हा कायम केला. दवाखाना सरकारी असला तरी सरकारला जबाबदारी झटकता येत नाही, असे कोर्टाने ठरवले. 1963 पासून 1996 पर्यंत किती वर्षे झाली, ते तुम्हीच मोजा.

2. धोका कोणाला जास्त?

मूल बंद करण्याचे ऑपरेशन बाईचे होते तसे बाप्याचेही होते. बाप्याचे लहान आणि सोपे. तरी करून कोण घेते? 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर पाहणी केली. तीत 100 विवाहित बायकांपैकी सुमारे 38 जणींचे ऑपरेशन झालेले आढळले. बाप्यांचे 100 त एकही भरले नाही. जिचे अंग टेबलावर, तिलाच चुकीचा धोका. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच दिवसात 83 बायकांची ऑपरेशने उरकली. तिथल्या शिबिरांतल्या 13 बायका दगावल्या. पुढे 2016 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा.

औषधाचेही असेच आहे. मुलाचा डोस त्याच्या वजनावर ठरतो. म्हाताऱ्या माणसाची मूत्रपिंडे मंद झालेली असतात, आणि त्याच्या गोळ्याही चार तऱ्हेच्या असतात. म्हणून त्याला डोस बेताने द्यावा लागतो. बाईच्या शरीरात काही औषधे जास्त वेळ टिकतात. झोपेच्या एका गोळीचा बायकांचा डोस अमेरिकेत 2013 साली निम्मा केला. तोवर तिथे बाप्याला आणि बाईला एकच डोस सांगत होते.

3. भरपाई कशी मोजतात?

आता हिशेबाकडे वळू. माणूस गेला, तर तो घराला किती पैसे आणत होता आणि अजून किती वर्षे आणणार होता, हे कोर्ट पाहते. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी सुप्रीम कोर्टाने 2009 साली वयाचे कोष्टक घालून दिले. 31 ते 35 वयाला 16 ने गुणायचे. 65 च्या पुढे 5 ने.

समजा, एक बाप्या स्वतःचा खर्च वजा जाता घराला वर्षाला 80,000 रुपये देत होता.

वय 35 असेल तर : 80,000 × 16 = 12,80,000
वय 67 असेल तर : 80,000 × 5 = 4,00,000

मिळकत तीच. वय वाढले आणि रक्कम उतरली. दवाखान्याच्या दाव्यात हे कोष्टक आंधळेपणाने लावू नये, असे सुप्रीम कोर्टाने 2013 साली सांगितले आहे. तरी मिळकत आणि वय हे दोन प्रश्न सुटत नाहीत. त्याच निकालात कलकत्त्याला चुकीचे उपचार झालेल्या आणि 1998 साली दगावलेल्या एका बाईबद्दल सुमारे 6 कोटी रुपये मिळाले. बाई शिकलेल्या होत्या, अमेरिकेत राहत होत्या. त्यांची पुढची मिळकत डॉलरांत धरली गेली.

पण जिला पगारच नाही, तिचे काय?

आम्ही शाळेत असताना पोरांचे अर्ज भरून घेत असू. बापाचा धंदा विचारला की उत्तर येई, "शेती." आईचा विचारला की उत्तर येई, "काही नाही जी, घरीच असते." ती पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी थापते, गुरांचे करते, खुरपायला जाते, म्हाताऱ्यांचे दुखणे काढते. याला 'काही नाही' म्हणायचे का? 2011 च्या शिरगणतीत सुमारे 16 कोटी बायकांनी घरकाम हेच आपले मुख्य काम म्हणून सांगितले. असे सांगणारे बाप्ये सुमारे 58 लाख निघाले.

कोर्टाची नजर हळूहळू बदलली. 1989 साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागली. बायका-मुले पुष्कळ गेली. हे दवाखान्याचे प्रकरण नव्हे, पण हिशेब शिकण्यासारखा आहे. आधी गृहिणीच्या कामाची किंमत वर्षाला 12,000 रुपये धरली होती. 2001 साली सुप्रीम कोर्टाने ती महिन्याला 3,000, म्हणजे वर्षाला 36,000 केली. 62 ते 72 वयाच्या आजीबाईंच्या कामाला वर्षाला 10,000 धरले होते. ते 20,000 केले आणि 8 ने गुणले. 2021 साली कोर्टाने पुन्हा सांगितले, की घरकाम हे कामच आहे आणि त्याची किंमत धरलीच पाहिजे.

मुलाचेही असेच. ते कमवत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. 1993 साली दिल्लीच्या एका दवाखान्यात नर्सने एका मुलाला भलतेच इंजेक्शन दिले. मुलाचा मेंदू कायमचा निकामी झाला. 1998 साली सुप्रीम कोर्टाने मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना वेगळे 5 लाख देवविले.

4. दाद कुठे मागायची?

पैसे घेऊन उपचार करणाऱ्या दवाखान्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 1995 साली सुप्रीम कोर्टाने हे ठरवले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील लागतोच असे नाही. उपचाराला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी पडत नाही.

जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तो दवाखाना या आयोगाकडे येत नाही. तिथे दिवाणी कोर्टात दावा लावावा. हरियाणातल्या एका मजूर बाईने तसेच केले. 1988 साली सरकारी दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले. दोन्ही नळ्या बंद करायच्या, त्यांतली एकच केली. बाईला आणखी एक मूल झाले. 2000 साली सुप्रीम कोर्टाने तिचे 54,000 रुपये कायम केले.

खर्चाची भीती बाळगू नका. 1987 च्या कायद्याने बाईला आणि मुलाला वकील फुकट मिळतो. बाईची मिळकत किती, हे विचारत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जावे. 15100 या नंबरावर फोनही करता येतो.

5. आपण काय करावे?

केसपेपर, चिठ्ठ्या, पावत्या, औषधांची वेष्टणे एका पिशवीत ठेवा. बाईचे कागद बाईच्या नावाने, वेगळे ठेवा. दवाखान्यातली नोंद लेखी मागा. 72 तासांत ती द्यावी असा डॉक्टरांसाठी नियम आहे. ही नोंद त्यांनी निदान 3 वर्षे जपायची असते. म्हणून उशीर करू नका. सही किंवा अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. आता तुम्हाला वाचता येते!

आणि तक्रार लिहिताना 'घरीच असते' असे लिहू नका. ती कोणती कामे करत होती, ती एकाखाली एक लिहा. ती कामे मजुरीने करून घ्यायची तर काय पडेल, तेही लिहा. म्हातारी नातवंडे सांभाळत होती, म्हातारा गुरे राखत होता, हेही लिहा. जे आपण सांगणार नाही, ते कोर्ट कोठून धरणार?

प्रश्न

1. रोगी दगावला म्हणजे डॉक्टराची चूक झालीच, असे म्हणता येईल का?
2. 20,000 × 8 = किती? आधीच्या 10,000 × 8 पेक्षा किती जास्त?
3. तुमच्या घरातली बाई सकाळपासून रात्रीपर्यंत कोणती कामे करते? यादी करा आणि प्रत्येक कामापुढे मजुरी लिहा.
4. ही यादी घरात सगळ्यांना वाचून दाखवा.